उभ्या बाईचं पुस्तक

११ मार्च २०१६

सापडलं! माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आमच्या मुलाच्या, मंदारच्या लहानपणीच्या स्वेटरांखाली. शोधत होते पाण्याच्या टाकीचं जुनं झाकण, आणि हाताला लागलं नववीतलं पुस्तक.

कव्हर तेव्हाही नव्हतं, नावाचं पानही नव्हतं. छावणीतल्या आमच्या शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला सिस्टर अगाथा त्यातलं वाचून दाखवायच्या, खिडकीला पाठ टेकून. फरशीच्या पॉलिशचा वास, बाहेर कडुनिंब, आणि त्यांचं ते सावकाश, धुतल्यासारखं इंग्रजी. शाळेनं जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा मी हे मागून घेतलं. आम्ही मुली त्याला 'उभ्या बाईचं पुस्तक' म्हणायचो.

खूप जुनी विलायती कादंबरी. एका गावात एक धोबीण. गावाच्या कुरणावर ती धुतलेले कपडे वाळत घालते. गिरणीचा मालक एक दिवस कुरणाला कुंपण घालतो. ती कोर्टात जाते, हरते. मग दर रविवारी चर्चमध्ये सगळे खाली बसले की ही उभी. प्रवचन संपेपर्यंत उभी! बोलत काहीच नाही.

त्यावर मी निबंध लिहिला होता, सहनशीलता हाच तिचा दागिना वगैरे. सिस्टरांनी बक्षीस म्हणून कोकराचं चित्र दिलं होतं. ते अजून पानात आहे.

शेवटची पानं मात्र वाळवीनं खाल्लीत. आणि मला शेवट आठवत नाही! शिंका येताहेत, हात काळे झालेत, आणि मनात एकच — कुंपण निघालं की नाही?

१२ मार्च

केशवला विचारलं, अशा गोष्टीत शेवटी त्या बाईचं काय होत असेल? पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तिचा मुलगा इंजिनिअर होतो."

(या वहीत मी त्याला नावानं लिहिते, 'तो' म्हणते. तोंडावर चाळीस वर्षं 'अहो'च.)

१४ मार्च

वच्छलाबाई दूध घेऊन आल्या तेव्हा मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. म्हणाल्या, "काय लिवलंय एवढं त्याच्यात?"

सांगायला लागले. मराठीत सांगताना मजा वाटली. चर्चचं देऊळ होऊ देत नव्हते, तरी थोडं झालंच.

वच्छलाबाई माझ्याच वयाच्या. ही कॉलनी ज्या शेतावर उभी आहे ते शेत त्यांचं. शेंद्र्याला कारखाने आले, जालना रोडच्या जमिनींना भाव आला, त्यांच्या घरच्यांनी विकून टाकलं. आता कॉलनीच्या भिंतीपलीकडे चार घरांची वस्ती उरलीय, आणि त्यांच्या दोन म्हशी. मुलगा सत्यम शेंद्र्याला कंपनीत जातो. "माज्याच शेतात दूध इकते बगा मी," असं हसून सांगतात.

शेतातली त्यांची विहीर बुजवून शेजारी कॉलनीची बोअर पाडली. बिल्डरनं तेव्हा शब्द दिला होता, भिंतीबाहेर एक नळ कायम तुमचा. तो नळ आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर मागे. खाली म्हशींना पाणी पाजायची, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची दगडी डोण. पहाटे हंडे आपटतात, म्हशी फुरफुरतात. आधी झोपमोड व्हायची. आता तो आवाज नसला तर चुकल्यासारखं होईल.

धोबीण उभी राहिली तिथपर्यंत सांगितलं. केशवनं नेहमीसारखा पाण्याचा तांब्या आणून दिला. दारात कोणीही येवो, कुरियरवाला, मीटरवाला, तो आधी पाणी विचारणार. सासूबाईंची शिकवण. वच्छलाबाई घटाघटा प्यायल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "त्या मालकाला बायकू नव्हती व्हय?"

असावी. मला आठवेना.

१६ मार्च

होती! सापडली. दोनदाच येते. पुढच्या बाकावर, हातमोजे घालून. तिला नावसुद्धा नाही. नुसतीच मालकाची बायको.

गंमत आहे. हे पुस्तक मी तेव्हा तीन वेळा वाचलं होतं, ही बाई कधी दिसलीच नाही.

२० मार्च

रात्री कॉलनीच्या समितीची बैठक आमच्याच हॉलमध्ये. केशव अध्यक्ष. मी चहा केला. दहा जणांना अर्धा-अर्धा कप, कारण पाणी!

ठरलं ते असं — बोअरला धाप लागायला लागलीय. अर्धा तास चालली की नुसती हवा. म्हणून आता प्रत्येक घराला सकाळी एकदाच, एक टाकी. आणि बाहेरचा नळ बंद.

शेवटचं वाक्य साहेबरावांचं. ते चिटणीस. आवाज मोठा, मन तितकं वाईट नाही. "गावाला टँकर येतो सरकारी. आपल्याला कोण देतं?"

मी आतून म्हटलं, टँकरचं पाणी माणसांना मोजून मिळतं. म्हशींनी काय करायचं?

सगळे जरा हसले. साहेबराव म्हणाले, "वहिनी, चहा झकास झालाय."

२१ मार्च

केशवशी वाद. आवाज न चढवता, म्हणजे जास्त वाईट.

तो म्हणतो, बिल्डर पुण्याला गेला, फोन उचलत नाही. कागदावर नळाचा उल्लेखच नाही. मी म्हटलं, शब्द दिला होता. तो म्हणाला, "कुणी? मी नाही दिला." जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस. कागद नसेल तर त्याच्यासाठी पाऊसही पडलेला नसतो.

पण खोटं कसं लिहू? त्याची भीती खरी आहे. कॉलनीत अंथरुणावर पडलेले म्हातारे आहेत, तान्ही बाळं आहेत. मे महिना अजून पुढे पडलाय.

त्यालाही झोप नव्हती. कुशी बदलत होता.

२४ मार्च

धुळवड कोरडी. नुसते गुलालाचे टिळे. मुलं हिरमुसली. दुपारी प्लंबर आला, बाहेरचा नळ काढला आणि भिंतीच्या अलीकडे पाइपाच्या तोंडाला बूच मारलं. मी खिडकीतून बघत होते. भिंतीपलीकडे वच्छलाबाईंचा फक्त डोक्यावरचा पदर दिसत होता.

२५ मार्च

आज गुड फ्रायडे. शाळेत या दिवशी घंटा वाजवायच्या नाहीत. पहाट तशीच गेली. हंडा नाही, फुरफुर नाही.

दूध मात्र वेळेवर आलं. केशवनं सवयीनं तांब्या पुढे केला.

"नको भाऊ. तहान नाय."

हसून म्हणाल्या. आणि पायरीवर टेकल्या, पुढची गोष्ट ऐकायला!

२९ मार्च

रोज हेच. तांब्या पुढे येतो. "नको भाऊ, तहान नाय." भर उन्हात, डोक्यावर किटली घेऊन अख्खी कॉलनी फिरून आलेली बाई.

केशव मला विचारतो, रागावल्यात का त्या? मी म्हटलं, विचारा की त्यांनाच. तो म्हणाला, "रागावल्या असत्या तर दूध कमी घातलं असतं."

दूध तेवढंच आहे. साय जरा जास्तच.

४ एप्रिल

समोरच्या वैदेहीनं सांगितलं (ती शेंद्र्याला इंजिनिअर, एकटी राहते, चटपटीत) की तिच्याकडे भांड्याला येणाऱ्या चतुराबाई पाणी घेत नाहीत. चहासुद्धा नाही. वस्तीवरून कामाला येणाऱ्या सगळ्याच बायका तशा. काम चोख, बोलणं गोड. कुणाच्या घरी घोटभर पाणी म्हणून घ्यायचं नाही.

वैदेही म्हणाली, "काकू, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं हो. मला घरात बसून पाणी प्यायलाच कसंतरी होतं."

हे वाक्य दिवसभर डोक्यात फिरतंय. कुठेतरी वाचलंय का मी हे?

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. पुरणपोळीचं पान वच्छलाबाईंसाठी झाकून ठेवलं. पोळी घेतली त्यांनी, पदरात बांधली. सणाचं कशाला नाही म्हणायचं, म्हणाल्या. केशव तांब्या घेऊन उभाच. "आज तरी!"

"तहान नाय भाऊ."

तो आत गेला. पाणी मोरीत ओतायला गेला, मग थांबला, परत माठात ओतलं. जेवताना नीट जेवला नाही. म्हणाला, आपल्या दारातून सणाच्या दिवशी माणूस कोरडं गेलं. आई असती तर.

मी वाढत राहिले.

१० एप्रिल

शेवटी विचारलंच. वच्छलाबाई, हे त्या धोबिणीवरून का?

जरा ओशाळल्यासारख्या हसल्या. "मंग? तुमीच सांगितली का नाय?"

मी म्हटलं, पण ती बिचारी सोसत होती. आमच्या सिस्टर म्हणायच्या, तिनं किती सहन केलं बघा.

माझ्याकडे असं बघितलं, की ही शिकलेली बाई असं काय बोलते!

"सोसत कुठं व्हती ताई? ती उभी ऱ्हायली म्हंजी बाकीच्यायला नीट बसता येईना. मालकाची पाठ लागली असंल सारखी खाजायला."

मी हसून हसून बेजार. मग हसू थांबलं. तीन वेळा वाचलं, निबंध लिहिला, कोकरू मिळवलं, आणि हे दिसलंच नाही! सिस्टरांना दिसलं असेल का? वर्गात त्या ती प्रकरणं उभ्यानंच वाचायच्या. आम्हाला वाटायचं, खिडकीचा वारा लागावा म्हणून.

१५ एप्रिल

पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचतेय. पहाटे चहाबरोबर. वेगळंच पुस्तक आहे हे! धोबीण चिडकी आहे. तिला लोक आवडत नाहीत. एकदा तर चर्चला जायचा कंटाळा करून घरी बसते, आणि तेव्हा शेजारीण येऊन विचारते, आज का नाही आलात, आम्हाला प्रवचन सुनंसुनं वाटलं. चौदाव्या वर्षी हे काही दिसलं नव्हतं. तेव्हा मला संत हवी होती.

आणि त्या हातमोजेवालीशी जिथे गाठ पडते, तिथून पुढे वाळवी.

१९ एप्रिल

वच्छलाबाई एकच म्हैस घेऊन लांबच्या पाझर तलावाकडे जाताना दिसल्या. परतताना म्हशीच्या तोंडाला फेस. दुसरीला उठवतच नाहीत म्हणे, एवढं चालवत नाही तिला.

संध्याकाळी सत्यम येऊन केशवला भेटला. शांत मुलगा. म्हणाला, करमाडच्या बाजारात गिऱ्हाईक बघितलंय. एक मेनंतरच्या बाजारात दोन्ही विकणार. कंपनीतल्या पगारात भागतं आमचं, पण आईला रिकाम्या गोठ्यात बघवणार नाही मला. तुम्ही मोठे आहात, काही होत असेल तर बघा.

केशवनं त्यालाही पाणी विचारलं. पोरगं काय म्हणालं ते लिहायला नको.

म्हैस गेली तर वच्छलाबाई पायरीवर कशाला येतील?

२० एप्रिल

केशवला म्हटलं, एक मेला अख्ख्या कॉलनीची सभा आहे, तिथे नळाचा विषय पुन्हा घ्या. अध्यक्ष आहात तुम्ही. म्हणाला, घेईन, पण मत मी देणार नाही, बाजूही घेणार नाही. अध्यक्षानं तसं करायचं नसतं.

२३ एप्रिल

झरीनाला फोन केला. चार वर्षांनी! आम्ही शाळेत एका बाकावर. ती अजून रोशन गेटजवळच राहते, गुडघे गेलेत, आवाज तोच. आधी अर्धा तास तब्येती, नातवंडं, कुठल्या भागात कितव्या दिवशी पाणी. मग विचारलं, उभ्या बाईचं पुस्तक आठवतं? शेवट काय गं त्याचा?

लगेच आठवला तिला. कुंपण निघत नाही. धोबीण गाव सोडून जाते. शेवटच्या रविवारी तिची जागा मोकळी, सगळे निवांत बसलेत.

आणि मालकाची बायको? ती काय करते?

"कुछ नहीं करती, मीनू. अपने दस्ताने देखती बैठी रहती. आखिर तक."

फोन ठेवला. चहा ठेवला तो उतू गेला.

मी आजवर स्वतःला या गोष्टीत कुठे धरत होते? सिस्टरांच्या जागी? गोष्ट सांगणारीच्या? आमच्या हॉलमध्ये ठराव झाला, मी चहा केला, खिडकीतून बूच मारताना बघितलं. पुढचा बाक म्हणतात तो हाच की!

२४ एप्रिल

वच्छलाबाईंना शेवट सांगितला. काही लपवलं नाही. बराच वेळ किटलीचं झाकण फिरवत बसल्या.

"म्हंजी ती बायकू उठलीच नाय?"

नाही.

"मंग लिवणारा दमला असंल," म्हणाल्या, आणि पुढच्या घरी गेल्या.

२८ एप्रिल

बेचाळीस अंश. चारचौघांत पुढे होणं मला जमत नाही. शाळेच्या नाटकात मी कायम पडदा ओढायला असायचे.

१ मे

सगळं लिहायला हवं.

झेंडावंदन झालं, तिथेच मांडवात सभा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या. समोर टेबलावर केशव आणि साहेबराव, पाण्याच्या बाटल्या, काचेचे ग्लास. झेंड्यासाठी सगळे उभे होतोच. राष्ट्रगीत संपलं, सगळे बसले.

मी बसले नाही. एवढंच केलं. उभं राहायला काही करावं लागत नाही, फक्त बसायचं नाही!

साहेबरावांना वाटलं, खुर्ची कमी पडली. "वहिनींना खुर्ची द्या रे." आली एक. मग कुणाला वाटलं ती मोडकी असेल, दुसरी आली. मग गादीवाली, कुणाच्या तरी आजोबांना उठवून आणलेली. माझ्यामागे खुर्च्यांची रांग लागली, आणि मी आपली उभी. लोक खाकरायला लागले, वळून बघायला लागले. हिशेबाचे आकडे वाचताना साहेबराव दोनदा चुकले.

केशव हळूच म्हणाला, "मीनाक्षी, बस ना. बरं वाटत नाहीये का?"

आणि सवयीनं त्याचा हात ग्लासकडे गेला. उठून माझ्याजवळ आला, पाणी पुढे केलं.

"नको," मी म्हटलं. "तहान नाही."

मोठ्यानं नाही म्हटलं. पण सगळ्यांनी ऐकलं. कॉलनीत प्रत्येक घरात महिनाभर हेच वाक्य ऐकू येत होतं, कुणाला समजवायची गरजच नव्हती. केशवचा हात तसाच. ग्लासातलं पाणी हलत होतं. त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी त्या पाण्याकडे बघत राहिले.

मागे खुर्ची वाजली. वैदेही उभी राहिली होती. मग आणखी एक खुर्ची. मग बायकांच्या रांगेत दोन-तीन. ज्यांची गादीवाली खुर्ची आणली होती ते आजोबा तर उभेच होते बिचारे. ते म्हणाले, मलापण यांच्यात धरा!

नळाचा विषय निघाला. मी बोलले, अडखळत. बिल्डरचा शब्द, विहीर, डोण, म्हशी. साहेबरावांनी बोअरची खोली सांगितली, पाणी कुठवर गेलंय ते सांगितलं. तेही खोटं नव्हतं. मग हात वर झाले. केशवनं हात मोजले, ठरल्याप्रमाणे स्वतःचा कुठेच धरला नाही.

हरलो. नळ बंदच.

बाहेर पडताना वैदेही कानाशी लागली. "काकू, ठराव नळाचा झालाय. माझ्या टाकीतल्या पाण्याचं मी काय करायचं, त्याचा नाही झाला."

मला दोन मिनिटं लागली कळायला. आमच्या घरची हिरवी नळी. केशव पूर्वी तिनं गाडी धुवायचा. मागच्या अंगणात खिळ्याला टांगलेली आहे, वर्षभर वापरलेली नाही. भिंतीपलीकडे डोण.

एक टाकी आमच्या दोघांची. अर्धी पुरेल. मी सकाळी न विचारता लावणार आहे. तो काही बोलला तर बोलू दे. घरी आल्यापासून आम्ही दोघं बोललेलो नाही. जेवण झालं, त्यानं ताट उचललं, बस.

२ मे

सहाला उठले. टाकी भरल्याचा आवाज आला तशी मागे गेले. खिळ्यावर नळी नव्हती.

भिंतीवरून पलीकडे गेली होती, टाकीच्या तोटीला सुतळीनं आवळून बांधलेली. पाणी डोणीत पडत होतं. म्हैस फुरफुरत होती.

घरात केशव पेपर वाचत बसलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

दूध आलं. माझ्या हातातलं पातेलं न घेता वच्छलाबाई आत बघून म्हणाल्या, "भाऊ, तांब्याभर पाणी द्या. लई तहान लागलीया."